चारकोपच्या गाळ्यातली येझदी

विकी, तो मोबाईल उलटा ठेव बघू. उजेड नको. आणि हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्या रे, मधे नको.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत माझा गाळा होता, ठाऊक आहे ना? शेजारचा गाळा लवू परबचा. जुन्या मोटरसायकली दुरुस्त करायचा. मधे एकच भिंत. ही गोष्ट त्याच्या थोरल्या भावाची, चंद्रप्रकाशची. त्याने स्वतः मला सांगितली, एकदाच. परत विचारलं तर विषय बदलतो.

गेल्या वर्षी इस्टेटीच्या देवळात तुळशीचं लग्न लागलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची रात्र. चंद्रप्रकाश मुलुंडहून निघाला तो एक जुना स्पीडोमीटर पोचवायला. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे वर्षभर खेटे घातले, तेव्हा कुठे तो मिळाला होता. गाडी त्यांच्या वडिलांची, गुणाजी परबांची. येझदी. वडील गेले आणि आईने ती लवूला दिली. "त्याका त्यातला कळता," एवढंच म्हणाली.

चंद्रप्रकाशच्या जिव्हारी लागलं ते. लहानपणी लवू टाकीवर बसून बापाबरोबर गाव फिरायचा आणि हा थोरला असून गॅलरीतून बघायचा. मोठेपणी कधी किक मारायला गेलाच, तर गुणाजी घटकाभर बघायचे आणि म्हणायचे, "बाजूक सर."

म्हणून त्याने लवूला अट घातली. गाडी उभी करायची ती बाबांच्या वेळी होती तश्शीच. नट बदलायचा तरी जुना नटच. सगळं मी शोधून आणतो, तू फक्त बसव. मनात एकच… बाबा त्याला मिळाले, निदान बाबांची गाडी तरी माझ्या हातून पुरी होऊ दे.

गाळ्यात शिरला तर गाडी स्टँडवर उभी. मरून रंगाची टाकी चकाकतेय. मग त्याची नजर पुढच्या चाकावर गेली.

"हे काय रे लव्या?"

"डिस्क ब्रेक. आणि हँडलला हे बघ, बटण स्टार्ट. झकास ना?"

"वाट लावलीस! ओरिजिनल ठेवायची ठरलं होतं ना आपलं?"

"दादा, जुना ब्रेक लागतच नाही. हायवेला ट्रकखाली जाऊ काय? आणि ओरिजिनल कसलं घेऊन बसलायस? बाबांनी स्वतःच टेम्पोचा हॉर्न लावला होता तिला. शेवटी गुडघा गेला त्यांचा, किक बसेना. मला म्हणायचे, लवू, हिका एक बटण लाव मरे."

चंद्रप्रकाशने हातातला स्पीडोमीटर टेबलावर ठेवला. "मला कधी बोलले नाहीत ते."

"तू विचारलंस कधी?"

लवू वाईट नाही रे. बोलून गेला आणि त्यालाच चुटपुट लागली. "भुर्जीपाव आणतो, बस जरा," म्हणाला आणि शटर अर्धं ओढून गेला.

चंद्रप्रकाश एकटा राहिला. आतून नुसता जळत होता. त्याने पाना घेतला, हँडलवरचं बटण सोडवलं, वायरी उपटल्या. बटण टेबलावर टाकलं. म्हणाला, आता बघतो. येझदीला गिअरचा दांडाच वळवून किक करतात. वळवला. मारली.

नाही.

पुन्हा मारली. पुन्हा. घाम फुटला. चौथ्यांदा किक उलटी बसली, नडगी सोलली. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं…

"बाजूक सर."

हळूच. नेहमीसारखंच, जरा कंटाळून.

बाहेर इस्टेट सामसूम. माझा गाळा बंद. चंद्रप्रकाश बाजूला सरला. विचार न करता सरला, सवयीने. सीटच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. सीट खाली गेली.

वर कोणी नाही.

मग टेबलावर… ते सुटं बटण. वायरी तुटलेल्या. त्याच्या डोळ्यांदेखत ते आत दाबलं गेलं.

टक्.

गाडी सुरू झाली. एका झटक्यात.

मला म्हणाला, "काका, तेव्हा भीती नाही वाटली. राग आला. इतकं सगळं शोधून आणलं मी. आणि बाबांनी बटणच घेतलं."

गाडी धडधडत राहिली. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. मग तोच आवाज.

"लवू खंय?"

खरं सांगता आलं असतं. लवू भुर्जीपाव आणायला गेलाय, येईल आत्ता.

तो म्हणाला, "मीच लवू, बाबा."

…

"बस फाटी."

बसला. मागच्या सीटवर. हात पुढे केले. हाताला पाठ लागली. शर्ट ओला. गार. इतका गार की… असो.

लवू आला तेव्हा शटर तसंच अर्धं. गाडी स्टँडवर, बंद. चंद्रप्रकाश मागच्या सीटवर, डोळे मिटलेले, हात पुढे, हवेत कुणाला तरी कवटाळल्यासारखे.

"दादा…"

लवूने त्याला खांद्याला धरून हलवलं.

"अरे दादा, मी लवू."

डोळे न उघडता चंद्रप्रकाश म्हणाला, "गप. लवू मी आहे."

लवूने तोंडावर पाणी मारलं, थोबाडीत दिली, तेव्हा कुठे शुद्धीवर आला. सकाळी मी गाळा उघडला तर दोघं भाऊ पायरीवर बसलेले. लवूने ते बटण पुन्हा बसवलं. चंद्रप्रकाशनेच सांगितलं बसव म्हणून. गाडीला परत हात लावला नाही त्याने.

मी त्याला विचारलं, अरे, खोटं कशाला बोललास? तर खाली बघत म्हणाला, "लवूच्या नावाने का होईना काका, बसलो ना."

आता लवू म्हणतो, दादाला भोवळ आली, दुसरं काही नाही. असेलही. गाडी गाळ्याबाहेर गेलीच नव्हती. पाऊस जाऊन महिना होऊन गेलेला. पण त्या सकाळी मी सहज वाकून मागचं टायर बघितलं. खाचांत लाल माती भरलेली, आमच्या आणि परबांच्या गावाला, कुडाळकडे असते तशी. खिळ्याने टोकरून बघितली मी.

ओली होती.