मामाचा हार्वेस्टर उजवीकडे वळतो

ओरेस्टमामानं बोली लावली ती काट्यानं. त्याच्या एका हातात पिरोगीची, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्यांची, बशी होती, दुसऱ्या हातात काटा होता आणि तोंड भरलेलं होतं. लिलाव पुकारणारा माणूस गाड्यावर उभा राहून जुन्या लाल हार्वेस्टरची किंमत ओरडत होता. स्काल्रुड नावाच्या शेतकऱ्याच्या अंगणात जमलेली सगळी माणसं खिशात हात घालून जमिनीकडे बघत होती. हात वर होता तो एकाच बाईचा, डोक्याला निळा रुमाल बांधलेल्या. एरवी हे पुकारणारे श्वास घ्यायलाही थांबत नाहीत, पण हा गडी उगाचच रेंगाळत होता. जेवणाच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या मामाला ती संधी वाटली, आणि त्याचा काटा वर गेला.

बाईनं वळून पाहिलं. तिनं पुन्हा हात वर केला, मामानं पुन्हा काटा वर केला. असं आणखी एकदा झालं आणि तिचा हात खाली गेला. हातोडा पडला. मामानं काट्यावरची पिरोगी खाऊन टाकली.

"एवढी माणसं, आणि एकालाही नको होता!" तो मुलांना म्हणाला. "नशीब म्हणतात ते हे."

मुलं तीन होती. लारिसा तेरा वर्षांची आणि तिचा भाऊ मार्को अकरा वर्षांचा. दोघं रजायना शहरातून उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीच्या शेतावर आली होती. तिसरी फ्रीडा, आजीच्या शेजारची. शेजार म्हणजे मधे दोन शेतं आणि एक तळं. फ्रीडा झोपेतसुद्धा बोलते असं तिच्या आईचं म्हणणं होतं, आणि तिची आई खोटं बोलत नसे.

मामाच्या लहानपणी त्यांच्याकडे अगदी असाच हार्वेस्टर होता. बैल नको, ट्रॅक्टर नको, स्वतःच्या इंजिनावर चालणारा, गहू कापून तिथल्या तिथे मळून देणारा. आजोबांनी तो विकला तेव्हा मामा तीन दिवस जेवला नव्हता. पुढे मोठा झाल्यावर त्यानं तसाच दुसरा शोधायला सुरुवात केली. मामाचं लग्न राहिलं ते याच शोधात, असं आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. त्यामुळे आज मामा खूष होता, आणि खूष मामाला आजूबाजूचं फारसं काही दिसत नसे.

ट्रेलरवर चढवला असता तर हार्वेस्टर विजेच्या तारांना लागला असता. म्हणून तो चालवतच न्यायचं ठरलं. कापणीचा पुढचा रुंद भाग सोडवून आजीच्या ट्रकमागच्या गाड्यावर बांधला. पुढे आजीचा ट्रक, टपावर पिवळा लुकलुकता दिवा, आत नकाशा घेऊन मुलं. मागे हार्वेस्टरच्या उघड्या उंच आसनावर मामा, डोळ्यांना धुळीचा चष्मा. आजी ट्रक उत्तम चालवायची, पण नकाशाचं काम तिनं केव्हाच मुलांवर सोपवलं होतं.

असली जुनी इंजिनं सुरू करायची म्हणजे अर्धा दिवस जातो. हे पहिल्याच खेपेला सुरू झालं.

"तेल ताजं आहे," मार्को म्हणाला. त्यानं बोट घालून पाहिलं होतं आणि ते बोट आता शर्टाला पुसत होता. "पट्टेही नवे आहेत."

"आणि बसायला नवी उशी शिवलीय," लारिसा म्हणाली. "जे कुणालाच नकोय, त्याला नवी उशी कोण शिवतं?"

फ्रीडानं उशी उलटून शिवण पाहिली. दोराही नवाच होता.

उत्तरेकडच्या जंगलांत वणवे लागले होते आणि त्यांचा धूर आठवडाभर खाली उतरून बसला होता. आकाश राखाडी, सूर्याचा पत्ता नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरीच्या जातीचा कनोला फुलला होता, जिकडे बघावं तिकडे पिवळा. वरात पश्चिमेकडे निघाली. वेग असा, की मार्को उतरून धावला असता तर पुढे गेला असता. आजीनं त्याला उतरू दिलं नाही.

समोरून एक ट्रक आला. आजीनं रिवाजाप्रमाणे स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. समोरच्या माणसानं उचललं नाही. दुसरा ट्रक आला, त्यानंही नाही. आजीचा चेहरा जरा लांबला, कारण या भागात अनोळखी माणसालाही नमस्कार म्हणून बोट उचलतात, नुसतं जाणं म्हणजे तोंडावर दार लावण्यासारखं. पुढे कुंपण दुरुस्त करणारा एक म्हातारा दिसला. त्यानं आधी हार्वेस्टरकडे पाहिलं, मग मामाकडे, आणि मग पाठ फिरवून तो तारा ओढायला लागला.

पहिल्याच गावात पेट्रोल भरायला थांबले तर पंपावरच्या बाईनं त्यांच्या डोळ्यांदेखत दारावरची पाटी उलटी केली. बंद. शेजारच्या हॉटेलात मामानं कॉफी मागितली. कॉफी संपली असं उत्तर मिळालं. काउंटरवर भांडं काठोकाठ भरलेलं होतं आणि त्यातून वाफा येत होत्या.

"या गावाचा आज दिवस बरा दिसत नाही," मामा म्हणाला, आणि इंजिनाचं पाणी बघायला बाहेर गेला.

लारिसानं दोघांना कोपऱ्यात घेतलं. सकाळी अंगणात सगळ्यांचे हात खिशात होते, आता सगळ्यांची दारं बंद आहेत, या दोन गोष्टींचा काहीतरी संबंध असणार असं तिचं म्हणणं पडलं. विचारणार कुणाला? मोठी माणसं तर तोंड उघडत नव्हती. फ्रीडानं जबाबदारी घेतली. हॉटेलच्या मागच्या दारानं ती आत गेली. तिथे त्यांच्याच वयाची एक मुलगी बश्या धूत होती. फ्रीडानं न विचारता फडकं उचललं आणि पुसायला लागली. दहा बश्या होईपर्यंत ती मुलगी काही बोलली नाही. मग मात्र तिला राहवेना.

"तुमच्या त्या मामानं सोल्वेगचा हार्वेस्टर पळवला," ती म्हणाली.

मग सगळंच बाहेर आलं. निळ्या रुमालाची बाई म्हणजे सोल्वेग. तो हार्वेस्टर तिच्या वडिलांचा, एनार स्काल्रुडांचा. शेत विकून भाऊबहिणींत वाटणी करायची म्हणून सगळ्याच वस्तू लिलावात काढाव्या लागल्या. सोल्वेगला त्यातलं एकच हवं होतं, आणि तेही चारचौघांसारखी बोली लावूनच घेता येणार होतं. म्हणून पंचक्रोशीतल्या लोकांनी आपसात ठरवलं होतं की लाल हार्वेस्टर आला की हात खिशात. पुकारणाराही म्हणूनच रेंगाळत होता, कुणी चुकून हात वर केलाच तर शेजाऱ्यानं त्याला कोपरखळी मारावी म्हणून. मामा तेव्हा पिरोगीच्या रांगेत होता. तिथे कोपरखळी मारायला कुणी नव्हतं.

"आमच्याकडेही असंच करतात," फ्रीडा बाहेर येऊन म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "पण ती बाई घरची आहे हे मला काय माहीत! आणि अजून ऐका. एनारआजोबा आता शहरात वृद्धाश्रमात असतात. त्यांना काही आठवत नाही. सोल्वेगला ते नर्स समजतात. पण दर वर्षी ती त्यांना घरी आणते आणि हार्वेस्टरवर बसवते. इंजिन सुरू झालं की ते तिला नावानं हाक मारतात. वर्षातनं तेवढा एकच दिवस. आज लोक गेले की बसवणार होती. आज ते तिथेच होते, स्वयंपाकघरात."

लारिसाला खूप वाईट वाटलं. सकाळी काटा वर गेला तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या होत्या हे तिला आठवलं.

मामाला सांगायला मार्कोला पाठवलं, कारण मामा त्याच्यावर कधी ओरडत नसे. मामानं सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला. मग म्हणाला, "लिलाव म्हणजे लिलाव. मी काही चोरला नाही. माझ्याही वडिलांचा होता असा." आणि शिडी चढून आसनावर जाऊन बसला.

"झालं," मार्को ट्रकमध्ये परत येत म्हणाला. "मामा वळणार नाही."

लारिसानं मांडीवरचा नकाशा उलगडला. इथले रस्ते म्हणजे चौकटीच्या वहीवरच्या रेघा. सगळे सरळ, सगळे काटकोनात, आणि आज धुरामुळे सगळे एकसारखे.

"मामा वळणार नाही," ती सावकाश म्हणाली, "पण रस्ता तर वळेल ना?"

फ्रीडाला कळायला क्षणभर लागला. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

आजीला फसवणं शक्य नव्हतं आणि बरंही दिसलं नसतं. लारिसानं तिला एवढंच सांगितलं की पुढचा पूल अरुंद असावा, म्हणून उजवीकडे वळलेलं बरं. आजीनं आरशातून मागे मामाकडे पाहिलं, मग तिघांच्या तोंडांकडे.

"मी फक्त गाडी चालवते," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल तिकडे."

पहिलं वळण उजवीकडे. मागून हार्वेस्टर खडखडत वळला. मुलांनी श्वास रोखून धरले होते, पण मामानं काही खूण केली नाही. बऱ्याच वेळानं दुसरं वळण, पुन्हा उजवीकडे. वरात आता आलेल्या दिशेनंच परत निघाली होती, फक्त नकाशावर एक रस्ता वरून. दोन्ही बाजूंना तोच पिवळा कनोला.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात धुरातून गावाचं धान्याचं उंच कोठार उजवीकडे दिसायला लागलं. त्याच्या भिंतीवर गावाचं नाव माणसाएवढ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. मामानं ते वाचलं की संपलं.

मार्कोनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि डावीकडे हातवारे सुरू केले. "मामा, खड्डा! डावीकडे खड्डा! डावीकडे बघ!"

मामानं आज्ञाधारकपणे मान डावीकडे केली. खड्डा नव्हताच, पण कोठार मागे पडून धुरात नाहीसं होईपर्यंत मामा तो शोधत राहिला. फ्रीडा सीटखाली वाकून हसत होती. आजी सरळ समोर बघत होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

तिसरं वळण. स्काल्रुडांची झाडं दिसली, मग छप्पर, मग अंगण. आजीनं ट्रक आत घेतला. मागोमाग हार्वेस्टर आला.

पाच-सहा माणसं अजून सामान भरत होती. ती जिथल्या तिथे उभी राहिली. स्वयंपाकघराच्या पायऱ्यांवर सोल्वेग बसली होती. डोक्यावरचा रुमाल सुटून तिच्या गळ्यात आला होता. मामानं चष्मा काढला. धुळीनं माखलेल्या चेहऱ्यावर डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं उमटली होती, पण कुणी हसलं नाही. इंजिन बंद करायचं त्याला सुचलं नाही, आणि तेच बरं झालं.

कारण त्या आवाजानं घराचं दार उघडलं आणि एक उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ बाहेर आले. ते सोल्वेगच्या शेजारून गेले. तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. माणसांमधून वाट काढत ते नेमके शिडीपाशी आले, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वर न बघता हात पुढे केला. मालकानं गड्यापुढे करावा तसा.

मामा त्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं वाकून तो हात धरला, आजोबांना जपून वर घेतलं, आसनावर बसवलं आणि स्वतः बाजूला शिडीवर उभा राहिला.

एनारआजोबांनी दांडा पुढे ढकलला. हार्वेस्टर अंगणात एक वळसा घालून शेताच्या तोंडाशी येऊन थांबला. आजोबांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती.

"सोल्वेग!" ते ओरडले. "बसून काय राहिलीस? फाटक उघड."

सोल्वेग उठली. एवढी मोठी बाई, पण लहान मुलीसारखी धावत गेली आणि तिनं फाटक उघडलं.

ते परत आले तेव्हा मामानं खरेदीची पावती तिच्या हातात दिली. तिच्या शेवटच्या बोलीवर सौदा झाला. ती आभार मानायला लागली, तर मामानं तिला बोलू दिलं नाही. धुरात रस्ता चुकलो, मुलं अजून नकाशा वाचायला शिकतायत, असं काहीतरी तो पुटपुटला. सामान भरणाऱ्या एका माणसानं कापणीचा भाग गाड्यावरून उतरवून घेतला. दुसऱ्यानं मुलांसाठी उरलेल्या पिरोगी आणल्या. "पोरं हुशार आहेत हो तुमची," तो आजीला म्हणाला, आणि आजीनं ते नाकारलं नाही.

परतताना पाचजण ट्रकमध्ये कसेबसे मावले. मामा खिडकीला टेकून बसला होता. लारिसाला ते गप्प बसणं सोसेना. तिनं सगळं कबूल केलं. पूल अरुंद नव्हता. खड्डाही नव्हता. तिन्ही वळणं मुद्दाम घेतली होती.

"माहीत आहे," मामा म्हणाला. "दुसऱ्या वळणालाच कळलं. या दिवसांत घरी जाताना वारा तोंडावर लागतो. तो पाठीवर आला."

"मग थांबला का नाहीस?" मार्कोनं विचारलं.

बाहेर अंधारून येत होतं.

"वळायचं तर होतं," मामा म्हणाला. "तू सांगितलंस तेव्हापासून मनात होतं. पण सगळ्यांसमोर हे तोंड घेऊन परत जायचं म्हणजे… माझ्याच्यानं एकट्यानं झालं नसतं. पुढे दिवा घेऊन तुम्ही चालला होतात, म्हणून येता आलं."

मार्कोनं मांडीवरची बशी उचलून मामापुढे धरली. मामानं एक पिरोगी घेतली आणि बशी आजीकडे सरकवली.