काळी बाजू

दूध तापवायच्या पातेल्यात आत्मारामाने बेडकांची अंडी ठेवली, तिथे आनंदीबाईंचं टाळकं सरकलं. एम.एस्सी. झाला, कॉलेजात मास्तर झाला, पण कुठल्या भांड्यात काय ठेवावं एवढं शिकायचं राहूनच गेलं.

"मेल्या, उद्या देवाच्या ताम्हनात बेडूक बसवशील!"

"आये, आपला माणूस यंदा अंतराळात जाऊन आला ना? तिथे वजन नसतं. तिथे अंडं कसं वाढेल ते बघायचंय."

अंडी मोहरीएवढी, अर्धी काळी, अर्धी पांढरी. बीज लागलं की अंडं आपल्या चिकात हळूच वळतं आणि काळी बाजू वर करतं, असं तो म्हणाला. म्हणून त्याने काचेची बरणी आडवी करून पंख्याच्या जुन्या मोटरीवर बसवली होती. ती संथ फिरत राहायची. वर कुठे, खाली कुठे, अंड्यांना समजूच नये.

"बिचारी," आनंदीबाई बोलून गेल्या, आणि स्वतःवरच चिडल्या.

थोरला लवू गलबतावर खलाशी होता. मस्कतच्या वाटेवर गलबत बुडालं म्हणतात. ना प्रेत, ना निरोप. आता बारा वर्षं भरत आली, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, असं भटजींनी सांगितलं. आत्मारामाने अमावास्या ठरवूनही टाकली.

"कुठवर वाट बघणार, आये?"

"तू पुतळा जाळ. मी वाट बघते. ज्याचं काम त्यानं करावं."

पहिली अंडी बरणीत कशीही वळलेली राहिली. आत्माराम खूश झाला. त्याने शेतातून ताजी आणून घातली, आणि सकाळी तो बरणीसमोर उकिडवा बसलेला दिसला. बरणी फिरत होती, पण अंड्यांच्या काळ्या बाजू फिरत नव्हत्या. सगळ्याच्या सगळ्या मांडवी बंदराकडे.

त्याने खिडकीवर काळं कापड टाकलं. बरणी उलटी बसवली. लोहचुंबक फिरवून पाहिला. काळ्या बाजू बंदराकडेच.

पुढच्या खेपेची अंडी वळली पाखाडीकडे, जिच्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या बंदरावरून थेट घरापर्यंत येतात.

"मोटर बिघडलीय," आत्माराम म्हणाला.

त्या दिवशी आनंदीबाईंनी भाताला तांदूळ जास्त घेतले.

त्यानंतरची अंडी अंगणाच्या फाटकाकडे वळली. आत्मारामाने फाटकाला कडी घातली. त्याची पाठ वळताच आनंदीबाईंनी ती काढली.

दुसऱ्या दिवशी तो बरणी मोटरीसकट माजघरात घेऊन आला आणि समोर ठेवून जेवायला बसला. बांगड्याचं तिखलं वाढलेलं होतं. त्याचा घास हातातच राहिला.

काळ्या बाजू त्याच्याकडे होत्या.

"माझ्याकडेच बघतायत," तो कोरडं हसला. मग पान सोडून उठला आणि चुलीपाशी आईला खेटून उभा राहिला.

अंडी हलली नाहीत.

बरणी फिरत होती. काळ्या बाजू रिकाम्या पाटाकडे होत्या.

आनंदीबाईंनी पदर सावरला. आवाज चढवला नाही.

"पुतळा नाय जळायचा, आत्माराम. आणि थोरल्याच्या पुढ्यातलं तुझं उष्टं पान आधी उचल."