मधला पंधरवडा

लाल डागाचा शर्ट घातलेला एक माणूस भर दुपारी लाँड्रीच्या दारात येऊन उभा राहिला आणि तिच्या हातातली इस्त्री तशीच अधांतरी राहिली.

"अगं बाई! कुठे लागलं एवढं? बसा, बसा आधी!"

तिने त्याला दंडाला धरून बाकावर बसवलं, हाताला लागेल ती धुतलेली चादर ओढली आणि त्याच्या छातीवर दाबून धरली. तो आ वासून तिच्याकडे बघत होता. इस्त्रीच्या धगीने लाल झालेला तिचा चेहरा, कपाळावर चिकटलेल्या बटा...

"शाई आहे," तो शेवटी हळूच म्हणाला.

"काय?"

"शाई. पेन गळलं खिशात. मी समोरच्या शाळेत शिकवतो."

तिने चादर उचलून पाहिली. लॉजची चादर, तासाभरापूर्वी इस्त्री केलेली. तिच्यावर आता हातभर लाल नक्षी उमटली होती.

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही बोलू कुठे दिलंत? आणि..." तो जरा अडखळला. "इतक्या काळजीने बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, दोन मिनिटं लागलेलं असू दे."

कोपऱ्यातल्या खुर्चीत नाना, म्हणजे तिचे वडील, खो खो हसायला लागले. झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली होती, त्यामुळे हसू अर्ध्याच चेहऱ्यावर यायचं. पण आवाज पुरा होता. ते नेमके कशाला हसले हे विचारायलाही तिच्यात त्राण नव्हतं. तिने स्पिरिटचा बोळा घेतला आणि डाग काढायला बसली.

तीस वर्षं नाना त्या इस्त्रीमागे उभे होते. तीन वर्षांपूर्वी त्यांचा हात गेला आणि ती उभी राहिली, ती अजून बसली नव्हती. सकाळी नानांची अंघोळ, मग पाण्यातले कपडे, दोरीवरचे कपडे, टेबलावरचे कपडे. रात्री अंथरुणाला पाठ टेकली तरी पोटऱ्या ठणकायच्या. वय एकोणतीस. गल्लीतले सगळे तिला ताई म्हणायचे, अगदी तिच्या बापाच्या वयाची गिऱ्हाइकंसुद्धा. स्वतःचं नाव तिने शेवटचं कुणाच्या तोंडून ऐकलं ते आठवत नव्हतं.

मास्तर पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. पुन्हा शाई. त्याच्या पुढच्याही आठवड्यात. चौथ्या वेळी डाग इतका गोल आणि इतका बरोबर खिशाच्या मधोमध होता, की तिने शर्ट उजेडात धरला.

"मास्तर, हा कंपासने काढलाय का?"

"नाही हो... हाताने," तो म्हणाला, आणि जीभ चावली.

नाना पुन्हा हसले. त्यानंतर मास्तरला शर्टाची सबब लागली नाही. शाळा सुटली की तो वह्यांचा गठ्ठा घेऊन बाकावर येऊन बसायचा. स्टाफरूममध्ये फार गलका असतो, असं म्हणायचा. इथे धुण्याच्या मशीनचा खडखडाट, रस्त्यावरचे हॉर्न आणि नानांचा रेडिओ. तरी त्याला इथे शांत वाटायचं. ती काही विचारायची नाही. तो बसला की इस्त्री थोडी हलकी होते, एवढं मात्र तिच्या ध्यानात आलं होतं.

पाऊस लागून महिना झाला होता. दोऱ्यांवर कपडे चार चार दिवस लोंबत होते आणि दुकानभर कुबट वास भरला होता. मास्तर वह्या तपासता तपासता सुस्कारे टाकत होता.

"काय झालं?"

"निबंध. माझा आवडता ऋतू. बेचाळीस पोरं, त्यातल्या अडतिसांना पावसाळा आवडतो. सगळ्यांच्या पावसात तोच मोर नाचतोय. एकाच गाइडातला." त्याने पेन खाली ठेवलं. "तुमचा कुठला?"

"माझा काय?"

"आवडता ऋतू."

ती उशीच्या अभ्र्यावरून इस्त्री फिरवत राहिली. त्याला वाटलं, उत्तर येणार नाही. मग ती बोलायला लागली, इस्त्रीच्याच लयीत, मान वर न करता.

"उन्हाळ्यात बाहेर भट्टी आणि आत पण भट्टी. पावसात काही वाळत नाही. गिऱ्हाइकं मला बोलतात, जसं काही ढग मीच बोलावलेत. थंडीत रजया. भिजलेली रजई उचलून बघितलीय कधी? माणूस उचलल्यासारखी लागते. आणि थंडीत नानांचा हात आखडतो, मग मी पहाटे उठून शेकते." तिने अभ्र्याची घडी घातली. "ज्याचे हात रिकामे, त्याला ऋतू आवडतात मास्तर. मला कुठलाच आवडत नाही. मला फक्त झोप आवडते."

मास्तरने समोरची वही मिटली. मग म्हणाला, "बेचाळीस निबंध वाचले. खरा हा एकच."

"मग मार्क द्या."

"मार्क नको. चहा देतो." आणि तो पावसात धावत समोरून चहा घेऊन आला. स्वतः चिंब भिजला, पण ग्लासवर तळहात झाकून आणला होता. ती चहा पिताना पहिल्यांदाच बाकावर बसली. त्याच्या शेजारी, मध्ये वह्यांचा गठ्ठा ठेवून.

पावसाच्या शेवटी शेवटी तिने अंथरूण धरलं. ताप, अंगात कणकण, डोळे उघडवेनात. दुकानामागच्या खोलीत ती दोन दिवस पडून होती. तिसऱ्या दिवशी जाग आली ती नानांच्या आरडाओरड्याने.

"कॉलर आधी! कॉलर! मग बाही! मास्तर, तुम्हाला शिकवलं कुणी?"

"कुणीच नाही ना नाना, म्हणून तर..."

"धूर येतोय! उचला, उचला!"

ती भिंतीला धरून दारापर्यंत गेली. मास्तर घामाने निथळत इस्त्रीमागे उभा होता. एका पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा ठळक तपकिरी ठसा उमटलेला.

"हा कुणाचा?" तिने क्षीण आवाजात विचारलं.

"माझाच," तो ओशाळून म्हणाला. "नानांनी सांगितलं, आधी स्वतःचे जाळा."

तिला हसायचं होतं. पण तिला रडू आलं, आणि तापाचं निमित्त सांगून ती पुन्हा आत जाऊन पडली. कुणीतरी आपल्या जागी उभं राहू शकतं, हे तीन वर्षांत ती विसरूनच गेली होती. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत गाढ झोपली.

पाऊस गेला. थंडी अजून यायची होती. एका दुपारी मास्तर आला तो वह्यांशिवाय. हातात एक पाकीट.

"कायमची नोकरी लागली," तो म्हणाला. "दोन तासांवरच्या गावात. सोमवारी हजर व्हायचंय. इथली जागा तशीही वर्षभराचीच होती..."

"अभिनंदन," ती म्हणाली. आणि एकच रुमाल तिने पुन्हा पुन्हा चार वेळा इस्त्री केला.

"तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. माझा आवडता ऋतू."

"सांगा."

"हा. आत्ताचा." तो बाकाच्या कडेवर बसला. "पंधराच दिवस असतात. ओले कपडे संपलेत, रजया अजून निघालेल्या नाहीत. तुमचं टेबल अर्धं रिकामं आहे. काल तुम्ही पाच मिनिटं दारात उभ्या राहून नुसता रस्ता बघत होतात. मी समोरून, वर्गाच्या खिडकीतून पाहिलं. पोरांना म्हटलं, धडा स्वतःच वाचा." तो थांबला. "त्या पाच मिनिटांत... मला तुमच्या शेजारी उभं राहायचं होतं. दरवर्षी. माझ्याशी लग्न कराल?"

इस्त्रीचं बटण तिने बंद केलं.

"मास्तर, मी फार दमलेय हो. प्रेमात पडायलासुद्धा ताकद लागते."

"मग पडू नका," तो हळूच म्हणाला. "टेका नुसतं."

"आणि नाना? मी त्यांना सोडून कुठे जाणार नाही."

"सोडा कोण म्हणतंय? मीच इथे राहीन. रोज बसने जाईन-येईन."

"चार तास रोज? तुम्ही पण दमाल."

"दमेन की. मग दोघं मिळून कुरकुर करू. एकट्याने कुरकुरण्यात काही मजा नसते."

खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या नानांना आता राहवेना. "मला कुणी विचारतंय का? का मी दोरीवरचा टॉवेल आहे?"

"नाना, तुम्ही झोपलेले नव्हतात?" तिने दटावलं.

"अशा वेळी कुठला बाप झोपतो गं?"

तिने त्या दिवशी काहीच उत्तर दिलं नाही. मास्तर सोमवारी गेला, एका सहकाऱ्याच्या खोलीवर राहिला. बाक रिकामा झाला. तिला वाटलं होतं, कामात कळणारही नाही. पण हात चालत असताना मान आपोआप दाराकडे वळायची. शनिवारी तो आला, रविवारी दुपारी परत निघाला. तोवर तिने त्याला एक शब्द सांगितला नव्हता.

"मी येते स्टॉपपर्यंत," ती अचानक म्हणाली. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिने भर दिवसा दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. नानांनी आतून नुसता डावा हात हलवला.

स्टॉपवर कुणी नव्हतं. ऊन कोवळं नव्हतं, पण टोचतही नव्हतं. वाटेत तिने मनातल्या मनात बरंच काही जुळवलं होतं: असं सांगायचं, मग तसं. ती बाकावर बसली, पाठ टेकली, बोलायला श्वास घेतला... आणि पुढचं तिला काही आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. तो ताठ बसला होता, जराही न हलता. खांदा अवघडल्याचं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"बस गेली?"

"तीन गेल्या."

"अहो, मग उठवायचं ना!"

"का? पुढची आहे ना सहाची."

ती सावरून बसली. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा त्याच खांद्यावर डोकं ठेवलं. आता जागेपणी.

"हो," ती म्हणाली.

"काय हो?"

"तुम्ही विचारलं होतंत ना... त्याचं. हो."

मास्तरने दुसरा हात उचलून तिच्या इस्त्रीने रापलेल्या बोटांवर ठेवला. सहाची बस आली, ड्रायव्हरने दोघांकडे पाहून एकदा हॉर्न वाजवला, थोडा थांबला, आणि निघून गेला.