इंदूचा दम

विहिरीच्या तळाशी गेलेलं काढून द्यायचं काम सुखदेव करी, पण त्याला घड्याळ लागत नसे. त्याचं घड्याळ म्हणजे त्याची बायको, इंदू. तो बुडी मारताना काठावर त्याच्या कमरेचा दोर धरून तीही श्वास रोखायची. तिचा दम संपला की दोर ओढायचा. बाईचा दम आधी संपतो, म्हणून गडी जिता वर येतो, अशी त्यांची साधी रीत.

सुखदेव आधी पलटणीत होता, लडाखला. तिथलं सांगायचा, "वर हवा पातळ. झोपेत शेजारच्याचा श्वासच थांबे, मंग आपोआप सुरू होये. आमी एकमेकाच्या नाकाशी बोट धरून पाहो. पाण्यात बी तसंच, काळीज हळू चालते. शरीर मोठं इमानदार हाये व. जेवढं भेटलं तेवढ्यात भागवते."

मग इंदूच्या शिट्टी वाजणाऱ्या नाकाची थट्टा. "तुह्या नाकात रेल्वे हाये. तिगाव टेसनावर बी थांबत नाही."

शहाऐंशीच्या वैशाखात रामाकोन्याला यशवंतरावांच्या संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत मोटारीचा फूटवॉल्व, म्हणजे पाइपाच्या टोकाची झडप, गाळात रुतला. झाडं वाळून राहिली होती. सुखदेव उतरला. इंदूनं छातीभर श्वास घेतला.

एरवी साठ आकडे मोजेपर्यंत तिचे कान तापायचे. आज साठ झाले, शंभर झाले, काहीच झालं नाही. उलट बरं वाटत होतं, जेवून उठल्यासारखं.

दोर ढिला पडला होता.

"इंदूबाई, लय वेळ झाला," यशवंतराव म्हणाले.

तिनं नाही म्हणून मान हलवली. दम अजून होता. इतक्या वर्षांत तो कधी चुकला नव्हता.

"अवं बाई, सात मिनिटं झाले."

आपणच नवरा घालवला, असं इंदूला वाटलं. दोघांनी मिळून दोर खेचला.

सुखदेव वर आला. हातात फूटवॉल्व, आणि धापसुद्धा नाही.

"आज इतक्या लवकर काहून ओढलं? आत्ताच तं गेलो व्हतो."

इंदू आनंदानं रडली. आवाज मात्र निघाला नाही.

घरच्या वाटेला तो पुढं, ती मागं.

"काहून व, बोलत काहून नाही?"

तिनं तोंड उघडलं. बोलायला छातीत काहीच नव्हतं.

तिनं स्वतःच्या नाकाशी बोट धरलं. बराच वेळ धरलं, बोटाला वारा लागला नाही.

पुढं सुखदेव श्वास घेत चालला होता. एक घेई, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, बारीक शिट्टी वाजणारा.