चार गिरक्या, तीन दिवस

"मॅडम, टॉर्च लावलात का?"

शेवटच्या बाकावरून प्रश्न आला आणि अख्ख्या हॉलच्या माना मागे वळल्या.

जळगावात विज्ञान शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण चाललं होतं. पहूरच्या शाळेत शिकवणाऱ्या कामिनीच्या वाट्याला 'ग्रहांवरचा दिवस' हा विषय आला होता. तिने पडदे ओढले होते, एका हातात चेंडू, दुसऱ्यात टॉर्च. आता तिने वर पाहिलं. काळा चष्मा, निळा स्वेटर, आणि भिंतीला टेकवलेली पांढरी काठी...

"लावला," ती हळूच म्हणाली.

"मला वाटलंच. मघाशी सगळे एकदम गप्प झाले होते." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "मी कुंदन. धुळ्याला अंध मुलांच्या शाळेत शिकवतो. माझ्या वर्गात सतरा मुलं आहेत, त्यांना हा धडा कसा समजावू?"

कामिनीने टॉर्च विझवला. आठ वर्षं ती हाच चेंडू, हाच टॉर्च वापरत आली होती. "उद्या सांगते," ती म्हणाली, आणि तिचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती त्याला मैदानावर घेऊन गेली. डिसेंबरचं तिरपं ऊन होतं. लिंबाखाली बाकीचे शिक्षक भरीत-भाकरीवर बसले होते.

"तुम्ही सूर्य," ती म्हणाली. "इथे उभे राहा आणि बोलत राहा. मी डोळे मिटून तुमच्याभोवती चालणार, चालताना गिरक्याही घेणार. आणि वरचं ऊन आहे ना, तो आपला लांबचा तारा. ऊन तोंडावर आलं की माझी एक गिरकी पुरी. तुमचा आवाज समोरून आला की माझी दुपार."

"बोलू काय?"

"काहीही."

"काहीही म्हटलं की माणूस खरं बोलून बसतो, मॅडम." तो हसला. "डोळे मिटले का?"

"तुम्हाला काय कळणार..." बोलून ती जागीच थबकली.

"कळतं ना. पावलं बिचकत पडतायत तुमची."

मग तो बोलू लागला. नऊ वर्षांचा असताना ताप आला आणि डोळे गेले. पांझरा नदीच्या पाण्यावर पडलेलं ऊन मात्र अजून आठवतं. आईचा चेहरा हळूहळू पुसट होत गेला, त्याचं वाईट वाटतं... कामिनी चालत होती, गिरक्या घेत होती. तो आवाज कधी पाठीशी जाई, कधी कानाशी येई, आणि समोर आला की तिच्या छातीत उगाच काहीतरी हलायचं.

फेरी पुरी झाली. ती धापा टाकत उभी राहिली.

"ऊन किती वेळा तोंडावर आलं?" त्याने विचारलं.

"चार वेळा."

"आणि मी?"

तिने बोटांवर मोजलं. "तीन."

"एक दिवस कुठे गेला?"

"तुमच्याभोवती फिरण्यात गेला," ती म्हणाली. "पृथ्वीचंही तसंच. वर्षात ती तीनशे सहासष्ट गिरक्या घेते, आपल्याला दिवस मिळतात तीनशे पासष्ट. एक गिरकी छप्पन्न मिनिटं कमी चोवीस... नाही, चार मिनिटं कमी चोवीस तासांतच होते. पण तेवढ्यात ती पुढे सरकलेली असते, म्हणून सूर्य समोर यायला तिला आणखी चार मिनिटं वळावं लागतं."

"इतकी वर्षं मी हे नुसतं पाठ म्हणत होतो," कुंदन म्हणाला. "आज कळलं."

प्रशिक्षण संपलं, पण फोन सुरू झाले. दर रविवारी, चार वाजता. एकदा ती म्हणाली, शुक्राचा दिवस त्याच्या वर्षाहून मोठा. तर हा म्हणाला, "गिरकी मोठी, मॅडम. दिवस नाही. तो उलटा फिरतो, त्यामुळे सूर्य त्याला लवकर भेटतो. एकशे सतरा दिवसांत." कामिनीने पडताळून पाहिलं. त्याचं बरोबर होतं. पुढच्या रविवारी तिने मुद्दाम फोन केला नाही. सव्वाचारला त्याचाच आला.

मार्चमध्ये ती धुळ्याला त्याच्या शाळेत गेली. अंगणात मुलं एकमेकांभोवती गिरक्या घेत होती. एक छोटी मुलगी मधेच थांबून विचारत होती, "सर, मन्हा सूर्य कोठे शे?" आणि तिचा सूर्य झालेला मित्र हाका मारत होता. कामिनीने पाहिलं, कुंदन प्रत्येक मुलाची चूक पावलांवरून ओळखत होता. परतीच्या बसमध्ये तिने मनाशी ठरवून टाकलं, लग्न करायचं तर कुंदनशीच.

नशिराबादला घरी आल्यावर तिने वडिलांना सांगितलं. शालिग्रामआबा केळीला पाणी सोडत होते. ते वाफ्याकडे पाहत राहिले.

"तुले सांभाळणारा शोधत होतो मी."

"तो एकटा राहतो, आबा. स्वतः रांधून खातो."

आबांनी पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. मग म्हणाले, "त्याले इचारलं का पण?"

तिने विचारलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी ती फोन न करता धुळ्याला गेली. शाळेच्या ओट्यावर बसून एका दमात सगळं सांगून टाकलं. कुंदनने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "नको, मॅडम. आज तुम्हाला चांगलं वाटतंय. दहा वर्षांनी तुम्ही थकाल, आणि मला ते दिसणारही नाही."

"मी थकले तर सांगेन," कामिनीचा आवाज चढला. "तोंड आहे मला. माझ्या वतीने तुम्ही कशाला ठरवता? माझी कीव येते का तुम्हाला? दुसऱ्या कोणी तुमच्यासाठी असं परस्पर ठरवलं असतं तर चाललं असतं? आंतरजिल्हा बदलीचा अर्ज आणलाय मी, सही करून. नको असेल तर 'नको कामिनी' म्हणा. थकण्याचं कारण सांगू नका."

ओट्याच्या टोकाला बसलेली शिपाईबाई उठून आत गेली.

कुंदनने चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. "लोक माझ्याशी फार गोड बोलतात," तो म्हणाला. "डोळे गेल्यापासून माझ्यावर कोणी असं रागावलंच नाही. आईसुद्धा नाही."

"मग?"

"मग... 'नको कामिनी' असं मला म्हणता येणार नाही."

तिला हसूही आलं आणि रडूही. दोघं उठून फाटकाकडे निघाली. तिने त्याचा हात धरला.

"वाट पाठ आहे मला," तो म्हणाला.

"माहितीये," ती म्हणाली, आणि हात तसाच राहू दिला.