पाचव्या दिवसाची काचपट्टी

त्या दिवशी खरं तर वॉर्डातून नमुने आणायची पाळी तिची नव्हती. सहकारी तापाने फणफणला, म्हणून प्रयोगशाळेतून बर्फाचा डबा घेऊन ती वॉर्डात आली, आणि खिडकीजवळच्या खाटेवरून आवाज आला, “आइसक्रीम वाटतं... कुठलं?”

“तुमच्या हाताचा तुकडा न्यायचाय,” ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

तो मात्र हसला. दुकानांच्या पाट्या रंगवायचा तो; सगळे पेंटरच म्हणत. परांची कोसळून त्याचा उजवा हात लोखंडी नळ्यांखाली सहा तास अडकला होता. हाड शाबूत राहिलं, पण कोपराखालचे स्नायू इतके सुजले, की भोवतीच्या ताठ आवरणात त्यांचा श्वासच कोंडला. आत रक्त पोचेना. सर्जननी मनगटापासून कोपरापर्यंत चीर देऊन तो दाब मोकळा केला होता. रोज जखम साफ करताना जे कापून टाकत, त्यातला तांदळाएवढा तुकडा तिला अभ्यासाला हवा होता. संमतीपत्रावर त्याने डावा अंगठा उमटवला. “दुसऱ्यांची नावं रंगवणारा माणूस अंगठाबहाद्दर झाला बघा.”

सहकारी बरा झाला, तरी ती पाळी तिने सोडली नाही.

रोज तो विचारायचा, आज माझ्या तुकड्याच्या काचपट्टीवर काय दिसलं? ती सांगायची, की पांढऱ्या पेशींची झुंबड उडालीय. मदतीलाच येतात बिचाऱ्या, पण त्या धामधुमीत जिवंत पेशीही भरडल्या जातात. मागून सफाईवाल्या पेशी येतात, मेलेलं गिळतात. “आणि सगळं नीट झालं तर... नव्या पेशी जाग्या होतात.”

“मग तुझ्या नव्या पेशींना सांग – मी वाट बघतोय.”

तुझ्या... तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती कागदावर पेशी काढून दाखवू लागली, तर तो म्हणे, गोल असा काढतात का? डाव्या हाताने त्याने तिची बोटं धरली आणि पेन्सिल वळवली. सोबतीला बसलेल्या त्याच्या वहिनीला नेमकं तेव्हाच पाणी भरून आणायचं आठवलं – तांब्या काठोकाठ भरलेला असताना.

पाचव्या दिवशी तिने काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. स्नायूंचे धागे फिकट, त्यांची केंद्रकं पुसून गेलेली. पांढऱ्या पेशी फुटून ढीग होऊन पडलेल्या. नवी पेशी – एकही नाही. आणखी दोन पट्ट्या पाहिल्या. शेवटी प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि चष्मा काढला.

दुपारपासून त्याचा ताप चढत गेला, मूत्रपिंडं थकू लागली. सर्जननी स्पष्ट सांगितलं, हात कोपरापासून काढावा लागेल, नाहीतर जीव जाईल. पेंटर अडून बसला. सही करणार नाही. नव्या पेशी येणार आहेत, तिने सांगितलंय.

वहिनी जिना उतरून प्रयोगशाळेच्या दारात आली. “तुझ्याच शब्दावर बसलाय गं तो. तूच सांग.”

ती त्याच्या खाटेशी बसली. त्याचे ओठ सुकले होते.

“आल्या?” त्याने विचारलं.

“नाही.”

“उद्या?”

“नाही येणार. तीनदा शोधलं मी. तो हात मेलाय... आता तुला ओढून नेतोय.”

“तू म्हणाली होतीस –”

“सगळं नीट झालं तर, असं म्हणाले होते. पुढचं सांगायला जीभ रेटली नाही. तू हसायचास ना... तेवढंच बघायला यायचे मी.”

तो तिच्याकडे बघत राहिला. “हे आज सांगतेस,” एवढंच म्हणाला, आणि अंगठा पुढे केला.

जीव वाचला. पण शस्त्रक्रियेनंतर ती आली, की तो भिंतीकडे तोंड करायचा. ती घटकाभर बसायची, उठायची. महिन्याने त्याचा भाऊ त्याला आपल्या गावी न्यायला आला. ती फाटकाशी उभी होती.

“रागावलो नाहीये मी,” तो म्हणाला. “तू खोटं बोलली असतीस, तर आज नसतोच. पण तुझा चेहरा दिसला, की तेच ऐकू येतं – नाही येणार, नाही येणार. काय करू, सांग.”

थांबते मी तुझ्यासाठी, असं तिला म्हणावंसं वाटलं. तिने ते गिळलं.

तो गाडीत बसला. डाव्या हाताने सीटबेल्ट ओढू लागला, पण तो खटक्यात बसेना. एकदा, दोनदा... भाऊ मागे सामान लावत होता. ती आत वाकली, रिकाम्या बाहीवरून हात नेऊन तिने पट्टा बसवला. त्याचा श्वास तिच्या गालावर आला. त्याने डोळे मिटून घेतले, आणि पापण्यांखालून पाणी ओघळलं. पुसायला त्याने हात उचलला नाही.

तिने पुसलं. मग मागे सरून दार लावलं.