बिननावाची बरणी

"उडालं! आणखी एक झाकण उडालं!" ढब्बू ओरडतच दारापर्यंत पळाला.

सुट्टीतल्या विज्ञानवर्गासाठी मुलांनी घरोघरच्या रीतीने मिठाच्या पाण्यात मुरत घातलेल्या भाज्यांच्या बरण्या आणल्या होत्या. आज बाईंनी कपाट उघडलं, तर सगळीकडे फेस! आणि वास तर विचारू नका!

"बंद करा हा उद्योग! फेकून द्या सगळं!" पर्यवेक्षक कडाडले.

"सर, आधी कारण तरी शोधू द्या ना!" भिंगरी म्हणाली.

ती खाली वाकली. समोरच्या भिंतीशी फरशीवर कपाटाच्या पायांचे चार ठसे होते. कपाट मात्र इकडे!

ढब्बूने कपाटामागच्या भिंतीला हात लावला. "आई गं! केवढी तापलीय! पलीकडे गरम पाण्याची टाकी आहे. सर, कपाट काय रात्री चालत आलं?"

पर्यवेक्षक खाकरले. "वाटेत येत होतं, म्हणून मीच सरकवलं. वास नको म्हणून झाकणंही आवळली."

"मग बरोबर! उष्णतेने भाजी भराभर आंबली आणि वायू आत कोंडला," बाई म्हणाल्या. "पण ही एक शाबूत कशी? हिच्या तोंडावर नुसतं फडकं आहे! आत साली आणि देठ... कोणाची ही?"

भिंगरीचे कान तापले. काल ढब्बू "कचरा भरलाय!" म्हणून हसला, तेव्हा तिनेच नावाची चिठ्ठी खरवडली होती. "आमची नाही ती," असंही म्हणाली होती. तेव्हा तिला न्यायला आलेले आजोबा दारातच उभे होते. ते तसेच माघारी फिरले होते.

"माझ्या आजोबांची आहे," ती कशीबशी म्हणाली. "मी काल खोटं बोलले."

"अगं, त्यांनी काही वाया घालवलं नाही, वायूलाही वाट ठेवली!" बाई म्हणाल्या.

"चूक माझीच. शाबास, पोरांनो!" पर्यवेक्षकही म्हणाले.

टाळ्या पडल्या. भिंगरीला मान वर करवेना.

घरी आजोबा भाजी चिरत होते.

"आजोबा, काल तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"रागावलात?"

"नाही गं. वाईट वाटलं." त्यांनी सुरी खाली ठेवली.

ती रडत त्यांना बिलगली. "बाईंनी तुम्हाला शिकवायला बोलावलंय. याल?"

आजोबांनी बराच वेळ तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी बाई ओळख करून द्यायला उठल्या, पण भिंगरी आधीच फळ्यापाशी पोचली होती.

"हे माझे आजोबा!" ती म्हणाली, अगदी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.